कॅमेऱ्याला पाठ नसते

माझ्या कॅमेऱ्याला पाठ नसते.
आठ डोळे, चहूबाजूंनी उघडे.
म्हणून 'ॲक्शन' म्हटल्याबरोबर
मला पळावं लागतं.

आगरवाड्याच्या मिठागरात
बांधावरून पळाले, चपला हातात,
खारफुटीत शिरले, गुडघे चिखलात रोवून बसले
अकरा मिनिटं,
माझीच फिल्म न बघता.
ऐकू यायची ती फक्त सोयरूबाबाची फळी,
पाण्याखालून मीठ ओढल्याची खरखर,
आणि मोपाकडे उतरणारं विमान,
की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दिग्दर्शक म्हणजे कोण, असं कुणी विचारलं
तर मी सांगते: जी लपते ती.

बारा वर्षं झाली.
पहिला हेडसेट शिवोलीच्या एका जर्मनाचा,
देश सोडताना त्याने स्कूटरसोबत विकलेला.
पट्ट्याला त्याच्या घामाचा वास,
तो वास नाकात घेऊनच शिकले.
आई म्हणाली, लग्नाची कामं तरी घे.
घेतली. म्हापशाच्या हॉलात नवरा-नवरी
मधोमध रोवलेली काठी बघून विचारायची,
बघायचं कुठे?
कुठेही, म्हणायचे मी
आणि टेबलाखाली शिरायचे, केटररच्या टोपांशेजारी.

अनुदानाच्या अर्जात रकाना होता: चित्रपटाचा आकार.
मी लिहिलं: गोल.
उत्तर आलं नाही.

नोव्हेंबरात पणजीला, एका खोलीत
चार फिरत्या खुर्च्या, हेडसेट तीनच चालू.
माझं थेटर कधी एकदम हसलं नाही,
एकदम गप्पही झालं नाही.
एकेक माणूस तोंड उघडं टाकून मान वळवतो,
हात हवेत चाचपतो,
आणि मी बाजूला उभी,
तो भिंतीवर आदळू नये म्हणून.
बाहेर येतो तेव्हा कपाळावर लाल वळ.
तीच पावती.

पोट भरतं व्हिलांवर,
अजून न बांधलेल्या.
दिल्लीतला माणूस दिल्लीतच डोळ्यांना पट्टा बांधतो,
जिना चढतो, बाल्कनीत येतो,
समोरचं भातशेत बघून व्वा म्हणतो.
ते शेत मी पेरते. विजेचे खांब मी उपटते.
सहा वर्षांत सदतीस जिने.

गेल्या मार्चात नवा नकाशा आला.
बांधाचं वळण ओळखलं,
मानशीची मोडकी फळीसुद्धा.
त्यांना बाल्कनीतून मीठ दिसायला हवं होतं.
माझ्याकडे होतं.
हप्त्याची तारीख पाच.
सोयरूबाबाला पुसायला दोन तास लागले,
त्याच्या सावलीला जरा जास्त.

मग एका संध्याकाळी मूळ फिल्म घेऊन
मी त्याच्याकडे गेले. का गेले, ते माहीत नाही.
माडाच्या झावळांनी झाकलेल्या ढिगाशेजारी
त्याला स्टुलावर बसवलं, पट्टा आवळला.
त्याने आधी खाली बघितलं.
"म्हजे पांय खंय गेले?"
पाय नसतात यात, मी म्हटलं.
थोडा वेळ स्वतःला फळी ओढताना बघितलं,
म्हणाला, त्या दिवशी पाणी अजून कच्चं होतं,
तुझ्यासाठी ओढलं.
मग सावकाश वळला,
खारफुटीकडे तोंड करून थांबला.
"तूं थंय आशिल्लें न्हय?"
होय.
"दिसना."
काढून टाकलं मी मला.

उरलेली सात मिनिटं तो तिकडेच बघत राहिला.
समोर मीठ साचत होतं, सूर्य उतरत होता,
मी ज्याच्यासाठी चार पहाटा थांबले होते
तो बगळाही येऊन गेला असणार,
त्याने वळून बघितलं नाही.

मी त्याच्या मागे उभी.
व्हिलाचं सांगायचं होतं.
त्याच्या उघड्या पाठीवर मीठ सुकलं होतं,
कडा-कडांनी, नकाशासारखं,
आणि वरून विमान गेलं,
या वेळी कुणाचं काही बिघडलं नाही.